सेकंड ओपिनियनला जाताना: आधी ब्लॉक, मग तिकीट

ताईचं फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ, म्हणून गर्भाशयाचं ऑपरेशन झालं, दहा दिवसांनी रिपोर्ट आला लायोमायोसारकोमा, म्हणजे कॅन्सर. घरात कोणी हा शब्दच ऐकला नव्हता. भाऊजींनी त्याच संध्याकाळी दुरांतोची तिकिटं काढली, आम्ही जाडजूड फाइल घेऊन मुंबईला, आणि डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, ब्लॉक आणले का? कोणते ब्लॉक बाप्पा! ते नागपुरात, लॅबच्या कपाटात. भाऊजी त्याच रात्री परत, आठ दिवस गेले, आणि चूक पूर्णपणे आमची. म्हणून लिहून राहिली आहे.

तर ब्लॉक. काढलेल्या गाठीचे बारीक तुकडे मेणात बसवून ठेवतात, प्लास्टिकच्या छोट्या चौकटीत, तो ब्लॉक. त्याचा अतिशय पातळ काप काचेवर लावला की स्लाइड. दोन्ही मागायचं. फक्त स्लाइड दिल्या तर हो म्हणून घरी येऊ नका, कारण नवीन टेस्ट लावायची तर ब्लॉकमधूनच नवा काप काढावा लागतो. एवढं काहून लागतं? कारण हा गर्भाशयाच्या स्नायूचा कॅन्सर आहे, आतल्या अस्तराचा नेहमीचा नाही, आणि सगळा खेळ पॅथॉलॉजिस्टच्या नजरेवर. पेशी किती वेड्यावाकड्या, किती वेगाने दुभंगतात, गाठीचा भाग मेलाय का, हे तिन्ही पाहून ठरवतात. कधी साधं फायब्रॉइडच निघतं, कधी मधलंच काहीतरी, त्याला स्टम्प म्हणतात, कधी दुसऱ्याच जातीचा सारकोमा, म्हणजे याच घराण्यातला वेगळा कॅन्सर, ज्याला हार्मोनची औषधं चालतात. म्हणजे ट्रीटमेंटच बदलते. कागदावरचा रिपोर्ट वाचून हे कोणी सांगू शकत नाही, ब्लॉक लागतात.

लॅबला अर्ज, आयडीची झेरॉक्स, सही. एक दिवस लागतो, कधी दोन, रविवारी बंद. घेताना तिथेच उभं राहून ब्लॉकवरचे नंबर रिपोर्टशी जुळवा. आणि मे महिन्यात जाणार असाल तर डबा कारमध्ये ठेवून धंतोलीत अजून एक काम उरकायला जाऊ नका, मेण आहे ते, आपल्या उन्हात बंद गाडी किती तापते माहीत आहे न! डबा हातातल्या पर्समध्ये, बर्थखालच्या बॅगेत नाही.

दुसरं, ऑपरेशन नोट्स. डिस्चार्ज कार्ड वेगळं, त्यात दोन ओळी असतात. पूर्ण नोट मागा आणि त्यात बघा की गर्भाशय अख्खं काढलं की दुर्बिणीने तुकडे करून. पोटातच मशीनने तुकडे केले की पेशी पोटात पसरायची भीती असते. 2014 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि मशीनवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, याच मशीनबद्दल इशारा दिला होता, फायब्रॉइड म्हणून ऑपरेशन होणाऱ्या साधारण 350 बायकांमागे एकीला असा लपलेला सारकोमा असतो हा त्यांचा अंदाज. कोणाला दोष द्यायला नाही विचारायचं, सोनोग्राफीत हा फायब्रॉइडसारखाच दिसतो, पण पुढचा प्लॅन त्यावर ठरतो.

सीटी स्कॅन छातीचा पण हवा, फक्त पोटाचा नाही, कारण हा रक्तातून पसरतो आणि आधी फुफ्फुसात जातो. फिल्मसोबत सीडी घ्या.

ट्रीटमेंटबद्दल थोडं, नाहीतर डॉक्टर बोलतात आणि आपण नुसती मान हलवतो. ऑपरेशन हाच मुख्य उपाय. गाठ गर्भाशयातच असेल आणि पूर्ण निघाली असेल तर पुष्कळदा नुसतं लक्ष ठेवतात, केमो देऊन आयुष्य वाढतं असं पक्कं सिद्ध नाही. आम्हाला वाटलं डॉक्टर टाळून राहिले, तसं नसतं. सरसकट लिम्फ नोड, म्हणजे आजूबाजूच्या लसिकाग्रंथी, काढत नाहीत, रेडिएशनही सरसकट नाही. पाळी सुरू असलेल्या तरुण बाईचे अंडाशय ठेवता येतात का, हे आपण होऊन विचारा. पसरलेला असेल तर केमोची औषधं, डॉक्सोरुबिसिन, किंवा जेमसिटाबिन आणि डोसिटॅक्सेल. डॉक्सोरुबिसिन हृदयावर येतं म्हणून आधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि लघवी लाल झाली तर घाबरू नका, औषधाचा रंग आहे. नागपुरात जामठ्याला एनसीआय, म्हणजे नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, आहे, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, केमो आपल्याकडे घेता येईल का हे मुंबईतच विचारून, प्लॅन लिहून घ्या, म्हणजे दर तीन आठवड्यांनी धावपळ नाही.

प्रश्न वहीत लिहा. ब्लॉक घेतले न?

आधार, रेशनकार्ड, झेरॉक्स. रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्या एकाला सवलत मिळते, फॉर्म हॉस्पिटलातून भरून घ्या. राहायची सोय आधी. कपडे, डबा, चार्जर तुम्हाला कळतं.

नंतर पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी तपासणी, त्यात छातीचा स्कॅन, कंटाळा करायचा नाही. आणि ब्लॉक जमा करताना पावती घ्या, काम झालं की परत मागा, ताईचे सहा दिले होते आणि परत मिळाले पाच, सहावा तिथल्याच दुसऱ्या टेबलावर निघाला.