विद्यापीठ कायद्यातील दुरुस्ती कशी वाचावी

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये बदल सुचवणारे विधेयक हाती आले की नुसते ते वाचून फारसे काही कळत नाही, कारण त्यात बहुधा ‘अमुक मजकुराऐवजी तमुक मजकूर दाखल करण्यात येईल’ एवढेच असते. म्हणून मूळ अधिनियम शेजारी उघडा आणि ते कलम बदलासह स्वतःच्या हाताने पूर्ण लिहून काढा. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

नंतर एकच प्रश्न विचारा: निर्णयाचा अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला? डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने संमत केलेले विधेयक या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. मूळ कायद्यानुसार शोध समिती कुलगुरुपदासाठीची नावे थेट कुलपतींकडे, म्हणजे राज्यपालांकडे पाठवते. त्या विधेयकात ती आधी राज्य शासनाकडे जाणार होती आणि शासन त्यांतील दोनच नावे कुलपतींना सुचवणार होते. मजकुरातला बदल छोटा, पण त्याने निवडीचा तोलच बदलला असता, आणि माझ्या मते अशा जागी वाचकाने सर्वाधिक वेळ द्यावा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांसाठी प्र-कुलपतिपदाची, म्हणजे कुलपतींच्या खालोखालच्या पदाची, तरतूदही त्यात होती.

दोन्ही सभागृहांत संमत झाले म्हणजे कायदा झाला, असे समजू नका. संविधानाच्या अनुच्छेद २०० नुसार राज्यपालांची संमती लागते आणि विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखूनही ठेवले जाऊ शकते.

प्रत्यक्ष अंमलबजावणी तपासायची असेल, तर विद्यापीठाच्या अधिसभेपुढे (सिनेटपुढे) येणारा वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षण अहवाल माहिती अधिकारात मागवा.