ज्युनिअर फिगर स्केटिंगचा निकाल कसा वाचायचा, आणि पडलेल्या पोराला कसं सांभाळायचं

मी कोल्हापुरात मुलांना क्वाड स्केट्सवर, म्हणजे पुढं दोन आणि मागं दोन चाकांच्या स्केट्सवर, आर्टिस्टिक स्केटिंग शिकवते. बर्फाची रिंक आपल्या गावात नाही, पण साल्कोव, लुट्झ, ॲक्सल या उड्या चाकांवरही त्याच. त्यामुळे वर्ल्ड ज्युनिअर चॅम्पियनशिप सुरू झाली की पालक विचारतात, "मॅडम, काल पहिली असलेली मुलगी आज मागं कशी पडली?" आणि सरावात स्वतःचं पोर पडलं की, "आता काय करू?"

निकाल बघताना कुस्ती डोक्यातून काढा. खासबागेत पाठ टेकली की निकाल लागला. इथं चितपट नाही. पडलेली मुलगी जिंकू शकते आणि एकदाही न पडलेली सहावी येऊ शकते. शॉर्ट प्रोग्रॅम (आधीचा, छोटा) आणि फ्री स्केट (नंतरचा, मोठा) यांचे गुण मिळवून नंबर लागतो. पहिल्या दिवशीचा नंबर पुढं जात नाही, गुणच जातात. २०२४ ला तैपेईत शॉर्टनंतर कोरियाची शिन जिआ पुढं होती, जिंकली जपानची माओ शिमादा.

मग गुणपत्रिका उघडा. प्रत्येक उडीला ठरलेली मूळ किंमत असते आणि ती कशी केली त्यावर पंच उणे पाच ते अधिक पाच देतात. एक पायरी म्हणजे मूळ किमतीचा दहावा भाग, आणि जोडउडीत त्यातल्या महागड्या उडीच्या किमतीचा. ट्रिपल (हवेत तीन फेऱ्यांची) लुट्झ ५.९०, त्याला जोडलेला ट्रिपल टो लूप ४.२०, मिळून १०.१०. छान उतरली, पंचांची सरासरी अधिक दोन आली, तर ११.२८ होतात. आता तीच मुलगी लुट्झवरच पडली असं धरा. उणे पाचमुळे ५.९० चे २.९५ राहिले, पडल्याचा एक गुण वेगळा गेला, हातात १.९५. टो लूप पुढच्या उडीला जोडता आला नाही, तर एका क्षणात ९.३३ गुण गेले. २०२२ ला टॅलिनमध्ये इसाबो लेविटोला २०६.५५ आणि शिन जिआला २०६.०१ गुण होते. फरक फक्त ०.५४ चा. म्हणून "धक्कादायक निकाल" म्हणण्याआधी ही बेरीज एकदा स्वतः करून बघा.

न पडताही गुण जातात, ते बघायला नजर बसावी लागते. उडी मंद गतीनं परत लावा आणि पाय टेकतानाचं पातं बघा. पाव फेरीपेक्षा जास्त कमी पडली असेल तर उडीच्या नावापुढं बाणाच्या टोकासारखं चिन्ह येतं आणि मूळ किंमतच घटते. अर्धी फेरी किंवा त्याहून जास्त कमी पडली की तशी दोन चिन्हं, आणि ट्रिपल उडीला डबलचीच किंमत.

ज्युनिअरमध्ये असे निकाल जास्त लागतात त्याचं कारण मला शरीरात दिसतं. ही मुलं साधारण तेरा ते एकोणीसची. एका हंगामात उंची वाढते, वजन वाढतं, आणि कालपर्यंत सहज होणाऱ्या उडीचं टायमिंग हरवतं. त्याच वयात हाडांच्या टोकाची वाढीची जागा अजून नाजूक असते आणि बहुतेक उड्या एकाच पायावर उतरतात. सीनिअरचं किमान वय टप्प्याटप्प्यानं सतरावर न्यायचा निर्णय २०२२ ला झाला, तो मला मनापासून पटतो.

आता दुखापत. स्पर्धेत लागलं तर थांबता येतं, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. वर्ल्ड ज्युनिअरच्या नियमात पंच जास्तीत जास्त तीन मिनिटं देतात, पाच गुण कापतात, आणि थांबल्या जागेपासून पुढं सुरू करता येतं. पाच गुण जाऊ द्या. लंगडत प्रोग्रॅम पूर्ण केलेल्या पोराला टाळ्या पडतात, तेव्हा माझा जीव घाबरतो.

घोटा मुरगळला तर लगेच लेस सैल करा. पाय वेडावाकडा दिसत असेल तर बूट ओढू नका, तसंच डॉक्टरकडं न्या. नसेल तर बूट हळू काढा, पाय उंच ठेवा, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावा. मग घोट्याच्या दोन्ही बाजूंना जे हाड वर आलेलं असतं, त्याची मागची कड आणि खालचं टोक बोटानं हलकं दाबा. तिथं पोर कळवळलं, किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर त्याच दिवशी एक्स-रे. आपल्या गावात तालमीची सवय आहे. कुणीतरी तेल घेऊन चोळायला, ओढून "बसवायला" पुढं येतंच. त्यांना नमस्कार करा आणि थांबवा. आंबेहळदीचा लेप लावायचाच असेल तर एक्स-रे झाल्यावर, तोही न चोळता.

डोकं आपटलं तर त्या दिवशी स्केट्स परत पायात नाहीत. "मी ठीक आहे" ऐकू नका. आज कोणता वार, इथं कुणाबरोबर आलास, हे विचारा. उलटी, वाढती डोकेदुखी, गोंधळ, न थांबणारी झोप, शुद्ध हरपणं, यातलं काहीही दिसलं की थेट दवाखाना, रात्र असली तरी.

न पडताही दुखतं तेही मोजा. गुडघ्याखालचा उंचवटा किंवा नडगीवरची एकच जागा रोज दुखत असेल तर उड्या बंद करून डॉक्टरांना दाखवा. नडगीचं बारीक फ्रॅक्चर सुरुवातीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे "एक्स-रे साफ आहे" एवढ्यावर सराव सुरू करू नका.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आधी नुसतं सरकणं, मग स्पिन, मग एकेरी उड्या. माझी एक अट असते: जमिनीवर, बूट न घालता, दुखऱ्या पायावरची लंगडी चांगल्या पायाइतकीच उंच आणि तितकीच शांत उतरली पाहिजे. तोवर डबल उडी नाही, राज्य स्पर्धा पुढच्या आठवड्यात असली तरी नाही.