एक्क्यांची जोडी हातात, तरी पॅक! टूर्नामेंट पोकरमध्ये चांगली पानं कधी टाकावीत?

गड्ड्याला (सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला) पाहुणे जमले की रात्री पत्ते निघतातच. तीन पत्ती आणि रमीचा कंटाळा आला की कुणीतरी म्हणतं, पोकरची टूर्नामेंट लावू. जरूर लावा, पण पैशांवर नको (ऑनलाइन पैशांच्या खेळांवर तर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदीच आहे). बक्षीस सोलापुरी चादरीचं ठेवा. समजा नऊ जण बसलेत, प्रत्येकाला १,००० चिप्स (पैशांऐवजी लावायच्या टिकल्या, संपल्या की तुम्ही बाहेर), आणि शेवटच्या तिघांना एकेक चादर. तिन्ही सारख्याच.

१. पानांआधी बक्षीस बघा

इथं पहिल्यालाही चादर, तिसऱ्यालाही तीच. म्हणजे चौथ्या नंबरावर बाहेर पडायचं नाही, एवढंच तुमचं काम. तीन पत्तीत मुरलेल्यांना हे पटायला वेळ लागतो, कारण तिथं प्रत्येक डावाचा हिशेब तिथल्या तिथं मिटतो.

२. सगळ्यांच्या चिप्स मोजा

चौघे उरलेत. उजवीकडे दाजी, ४,६००. तुम्ही ३,१००. समोर काका, १,१००. डावीकडे धाकटा भाऊ, फक्त २००. ब्लाइंड (पानं बघण्याआधी दोघांनी पाळीपाळीनं सक्तीनं लावायच्या चिप्स) १००-२००, मोठा ब्लाइंड तुमचा. भाऊ आणि काका पॅक करतात, दाजी सगळ्या चिप्स पुढं सरकवतात. तुम्ही पानं उचलता: दोन एक्के.

पॅक करा. होय, एक्के.

दाजी कुठल्याही दोन पानांवर असं करतात असं धरलं, तर तुम्ही शंभरातल्या साधारण ८५ वेळा जिंकाल. पण जिंकून मिळणार काय? तीच एक चादर. उरलेल्या १५ वेळा मात्र तुम्ही चौथे, हात हलवत घरी. उलट पॅक केलंत तर तुमच्याकडे २,९०० राहतात आणि पुढच्याच डावात मोठा ब्लाइंड भावावर येतो. पानं कशीही येवोत, त्याच्या सगळ्या चिप्स आत जाणार. तो एखादा डाव तरला, तरी मरणाची घाई त्याला आहे, तुम्हाला नाही.

३. बक्षीस चढतं असेल तर हे विसरा

पहिल्याला मोठा वाटा असेल, तर फ्लॉपच्या (टेबलावर उघडणाऱ्या, सगळ्यांच्या सामायिक पहिल्या तीन पानांच्या) आधी एक्के टाकणं म्हणजे शुद्ध भित्रेपणा. राजांची जोडीही सहसा टाकू नये. तुमच्याकडे मोठ्या ब्लाइंडच्या जेमतेम आठ-दहा पट चिप्स उरल्या असतील, तर चांगल्या पानांवर घालाच सगळं.

४. कुणी वाढवलं आणि कुठून?

खरी गोची गुलामांची जोडी आणि एक्का-राणी यांची. सगळ्यांत आधी बोलणाऱ्या, एरवी गप्प बसणाऱ्या माणसानं वाढवलं आणि त्यावर दुसऱ्यानं आणखी वाढवलं, तर एक्का-राणी मुकाट टाका. समोर एक्का-राजा असला तर शंभरातला जेमतेम चौथा हिस्सा तुमचा. गुलामांची जोडी एक्का-राजासमोर ५५ च्या आसपास जिंकते, पण राणी, राजा किंवा एक्क्यांच्या जोडीसमोर २० च्याही आत येते. जो रात्रभर प्रत्येक डाव वाढवतोय, त्याच्यासमोर मात्र हीच पानं सोन्यासारखी.

५. टाकताना पानं उलटीच सरकवा

"बघा, एक्के टाकले!" म्हणून दाखवायचा मोह आवरा. तुम्ही एक्केही सोडता हे दाजींना कळलं, की पुढच्या प्रत्येक डावात ते तुमच्या ब्लाइंडवर सगळ्या चिप्स लोटणार.