ग्राहकाचा दोन पानी मेल: उत्तर कसं लिहावं

जळगाव-धुळ्याकडच्या जिनिंगवाल्यांना, दाळमिलवाल्यांना बिलिंगचं आणि जीएसटीचं सॉफ्टवेअर सपोर्ट देणाऱ्या खुर्चीत जो बसतो, त्याला महिन्याच्या दोन तारखा पाठ असतात. ११ तारखेचा जीएसटीआर-१ (महिन्याच्या विक्रीचा तपशील) आणि २० तारखेचा ३बी (एकूण हिशेब आणि कर भरणा). त्यामुळे १० आणि १९ तारखेला येणारे मेल लांबलचक असतात. दिवाळीच्या सुमारास जिनिंग सुरू झाल्या की आणखी लांब. त्यात हल्ली बरेच जण मोबाइलवर बोलून मेल लिहितात. पूर्णविराम नाही, परिच्छेद नाही, मधेच कोणाला तरी चहा सांगितलेला, तोही उतरलेला.

अशा मेलवर ठरलेले तीन सल्ले मिळतात. पहिल्या दोन-चार ओळी वाचा, मुद्दा तिथेच असतो. लांब मेल दिसला की सरळ फोन लावा. आणि प्रत्येक मुद्द्याला मुद्देसूद उत्तर द्या. पहिला सल्ला चुकीचा, दुसरा अर्धवट आणि तिसरा तर भांडण वाढवणारा. मी काय करतो ते सांगतो.

१. पोच द्या

तिकीट (म्हणजे तक्रारीची नोंद) नंबर आणि किती वाजेपर्यंत उत्तर देणार ती वेळ, एवढंच. 'लवकरात लवकर' ही वेळ नव्हे.

२. पासवर्ड आलाय का बघा

हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. आपल्याकडे विश्वासाने काहीही पाठवतात: सरकारी जीएसटी पोर्टलचं युजर नेम, पासवर्ड, कधी ओटीपीसुद्धा. तो मजकूर तिकिटात चिकटवू नका, पुढे कोणाला पाठवू नका, आणि पासवर्ड बदलायला सांगा. मग कामाला लागा.

३. दिसलं काय आणि वाटलं काय, हे वेगळं करा

सगळी गोम इथे आहे. बाकी पायऱ्या कोणीही आठवड्याभरात शिकतो. ही जमायला मला फार वेळ लागला, आणि नवीन पोरं अडकतात तीही इथेच.

मेल लांब होतो कारण आपल्या सांगण्यातलं कामाचं काय आणि बिनकामाचं काय, हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं. ते माहीत असण्याचं त्याला कारणही नाही, तो रुईच्या गाठी विकतो. म्हणून तो सगळंच सांगतो: काय दिसलं, त्याला काय वाटतं, मागच्या वर्षी काय झालं होतं, पैसे किती दिले. हे सगळं एका दमात आणि एकाच सुरात येतं. त्यातलं 'वाटलं' सगळ्यात मोठ्या आवाजात असतं, आणि आपण उत्तर देतो ते त्यालाच.

एका जिनिंगमधून आलेला मेल दाखवतो. ओळख पटेल असं काढून टाकलंय, बाकी धाटणी तीच:

"नमस्कार साहेब तुमचं सॉफ्टवेअर घेतल्यापासून डोक्याला ताप आहे मागच्या दिवाळीत पण असंच झालं होतं तेव्हा तुमचा माणूस आला होता त्याने काहीतरी केलं मग चाललं आता सकाळपासून शंभर गाठींची गाडी भरून गेटवर उभी आहे ड्रायव्हर डोकं खातोय मुनीमजींनी बिल पाठवलं आणि तेवढ्यात लाईट गेली ते तर इकडचं रोजचंच आहे इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर तेवढा चालतो मग परत पाठवलं तर डुप्लिकेट म्हणतं आम्ही एकच बिल केलं तर डुप्लिकेट कसं तुमचं सॉफ्टवेअर आपोआप दोन वेळा बिल पाठवतं हे बरोबर नाही बठ्ठं बंद पडी गयं पैसे घेताना तर पूर्ण घेता मुनीमजी म्हणतात नंबर बदलून नवीन बिल करून टाकू गाडी तर जाईल"

हा मूळ मेलचा निम्मा भागही नाही. आता कागद घ्या. हो, कागदच, कारण स्क्रीनवर वाचताना डोळा परत परत 'पैसे घेताना' वर जातो. त्यावर तीन ओळी लिहा.

दिसलं: दुसऱ्यांदा पाठवल्यावर 'डुप्लिकेट' असा संदेश आला.

आधी घडलं: पहिल्यांदा पाठवलं त्याच वेळी लाईट गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आहे. राऊटरचा उल्लेख नाही.

हवंय: गाडी सुटायला हवी.

'सॉफ्टवेअर आपोआप दोन वेळा बिल पाठवतं' हे या तीन ओळींत कुठेच बसत नाही, कारण ते कोणी पाहिलेलं नाही. तो त्याने काढलेला निष्कर्ष आहे. त्याच्या जागी मी असतो तर मीही हाच काढला असता. पण तुम्ही त्या निष्कर्षामागे लागलात की मग 'आमचं सॉफ्टवेअर असं करत नाही' हे पटवण्यात दोन दिवस जातात, आणि गाडी गेटवरच.

आता ज्याला ई-इनव्हॉइसचं, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याचं, काम माहीत आहे त्याला दुसरी ओळ वाचूनच कळेल. बिल पोर्टलवर गेलं की पुरवठादाराचा जीएसटी नंबर, बिलाचा प्रकार, बिल नंबर आणि आर्थिक वर्ष यांवरून ६४ अक्षरांचा आयआरएन (त्या बिलाचा नोंदणी क्रमांक) तयार होतो. बिल पोहोचलं, आयआरएन तयार झाला, पण तो परत येईपर्यंत राऊटर बंद पडला तर पोर्टलच्या लेखी बिल नोंदलेलं असतं आणि आपल्या सॉफ्टवेअरच्या लेखी नसतं. मुनीमजी तेच बिल परत पाठवतात आणि पोर्टल २१५० नंबरची चूक दाखवतं: डुप्लिकेट आयआरएन. पोर्टल खरं तेच बोलतंय, मुनीमजीही खरं तेच बोलतायत.

किल्ली कुठे होती बघा. लाईट गेल्याची गोष्ट त्या माणसाने मदत म्हणून सांगितलेली नाही, वैतागून सांगितली आहे. 'इकडचं रोजचंच' म्हणून तो पुढे गेला. कामाची ओळ बहुतेक वेळा अशीच बोलता बोलता आलेली असते, मेलच्या मधल्या भागात, आणि जाता जाता. म्हणून पहिल्या चार ओळी वाचणाऱ्याला ती कधी सापडत नाही. जिनमध्ये रुई आणि सरकी वेगळी करतात, पण सरकी कोणी फेकून देत नाही. मेलमधल्या गाऱ्हाण्याचंही तसंच धरा.

याच कारणासाठी मेल एआयच्या टूलमध्ये टाकून सारांश काढायला माझा विरोध आहे. सारांश छान येतो: 'ग्राहकाला ई-इनव्हॉइस तयार करताना डुप्लिकेटची अडचण येत आहे, तो नाराज आहे.' लाईट गेली हे गळून गेलं, कारण वाक्यात ते बिनमहत्त्वाचं दिसतं. शिवाय ग्राहकाचे जीएसटी नंबर आणि पार्ट्यांची नावं बाहेरच्या टूलमध्ये टाकायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

आणि शेवटचं वाक्य सोडू नका. 'नंबर बदलून नवीन बिल करून टाकू.' हे या मेलमधलं सगळ्यात धोक्याचं वाक्य आहे, आणि ते प्रश्न म्हणून आलेलंसुद्धा नाही. तसं केलं तर एकाच मालाची दोन जिवंत बिलं पोर्टलवर राहतात, दोन्ही आपोआप जीएसटीआर-१ मध्ये उतरतात. पहिलं रद्द करायला पोर्टलवर २४ तासच मिळतात, आणि रद्द केलेला नंबर परत वापरता येत नाही. म्हणजे तुमचं उत्तर उद्या गेलं तर एका तिकिटाची तीन होतील.

दुसरं उदाहरण थोडक्यात. एका दाळमिलचा मेल: तुमचं सॉफ्टवेअर तूरडाळीवर कधी ५ टक्के लावतं, कधी लावत नाही, त्याच्या मनात येईल तसं करतं. खूप लांब मेल, बराच कडू. त्यात एका ठिकाणी सहज आलेलं: 'हल्ली पार्टीच्या मागणीवरून ३० किलोचं पोतंही भरतो.' १८ जुलै २०२२ पासून पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर २५ किलोपर्यंत ५ टक्के कर आहे, त्यापुढच्या वजनाच्या पोत्यावर नाही. म्हणजे 'कधी लागतो, कधी नाही' हे त्याने अगदी बरोबर पाहिलं होतं. 'मनात येईल तसं' हे त्याला वाटलं होतं. दोन्हींत फरक केला की हा मेल दहा मिनिटांचा. (करावर मत मात्र देऊ नका. सॉफ्टवेअरमध्ये काय भरलंय आणि त्यामुळे काय होतंय एवढं सांगा, पुढचं त्यांच्या सीएला विचारू द्या.)

सवय होईपर्यंत कागद सोडू नका. मी अजून सोडलेला नाही.

४. एका मेलमध्ये चार तक्रारी असतील तर

वेगवेगळी तिकिटं करा आणि तसं एका ओळीत कळवा. देखभाल कराराचे पैसे, मागच्या वेळी आलेल्या माणसाचं वागणं, हे तुमचं काम नाही. ज्याचं आहे त्याला द्या, पण गिळून टाकू नका. तीन महिन्यांपूर्वीच्या मेलला 'रिप्लाय' दाबून नवीन तक्रार लिहिली असेल तर विषयाची ओळ बदला. विषयात नुसतं 'जीएसटी' लिहिलेले मेल नंतर कोणालाही सापडत नाहीत.

५. उत्तर लिहा

क्रम एकच: आत्ता काय करू नये, आत्ता काय करावं, मग कारण. सॉफ्टवेअर कंपन्यांची उत्तरं नेमकी उलटी असतात. आधी तीन ओळींची दिलगिरी, मग कारण, आणि करायचं काय ते सगळ्यात खाली. शेठ मेल मोबाइलवर वाचतो आणि वाचता वाचता मुनीमजींना ओरडून सांगतो. जे वर असेल तेच मुनीमजींपर्यंत पोहोचतं.

वरच्या मेलला गेलेलं उत्तर असं होतं:

"नमस्कार भाऊ,

नंबर बदलून नवीन बिल करू नका.

  मुनीमजींना एवढं करायला सांगा:

१) राऊटरचा दिवा लागलाय का बघा.
२) तेच बिल उघडा, ई-इनव्हॉइसमध्ये 'पोर्टलवरून तपशील आणा' दाबा.
३) क्यूआर कोड आला की प्रिंट काढा, ई-वे बिल करा.

तुमचं पहिलं बिल पोर्टलवर नोंदलं गेलेलं दिसतंय. लाईट गेली तेव्हा नेट बंद पडलं असणार, म्हणून पोर्टलचं उत्तर तुमच्या कॉम्प्युटरपर्यंत आलं नाही.

कोड आला नाही तर स्क्रीनवर जे दिसेल त्याचा फोटो याच मेलवर पाठवा. गाडी सकाळपासून खोळंबली, हे वाईट झालं. दिवाळीतल्या प्रकाराचं वेगळं तिकीट केलंय, त्यावर उद्या दुपारपर्यंत लिहितो."

'आमचं सॉफ्टवेअर दोनदा पाठवत नाही' हे यात कुठेही नाही. त्याची गरज पडली नाही. 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' नाही. गाडी खोळंबली, तर गाडीबद्दल बोललोय. त्याच्या चौदा मुद्द्यांना चौदा उत्तरं नाहीत. मुद्देसूद उत्तर दिलंत की पुढच्या मेलमध्ये तुमच्या प्रत्येक उत्तराला त्याचं उत्तर येतं आणि मेलची लांबी दुप्पट होते. 'दिसतंय' आणि 'असणार' हे शब्द मात्र मुद्दाम ठेवलेत, कारण पोर्टल मी उघडून पाहिलेलं नव्हतं. आपणही पाहिलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवायचं.

माहिती कमी पडत असेल तर दोनच प्रश्न विचारा, फार तर तीन. आणि उत्तर कुठे सापडेल तेही सांगा: 'स्क्रीनच्या तळाशी कोपऱ्यात लिहिलेला नंबर', 'लाल चौकटीतली ओळ'. 'कृपया अधिक माहिती द्या' असं लिहिणाऱ्याला आणखी दोन पानं वाचायची शिक्षाच हवी. जोडलेला स्क्रीनशॉट न उघडता 'स्क्रीनशॉट पाठवा' लिहिणाऱ्याला कोणती, ते तुम्ही ठरवा.

६. फोन कधी

माल गेटवर असेल, किंवा रिटर्नची शेवटची तारीख असेल तर लावा. तोही मेल वाचून आणि तीन ओळी काढून झाल्यावर. कागद समोर नसताना फोन लावला तर तोच मेल कानाने ऐकावा लागतो, आणि त्याला मागे सरकवून परत वाचता येत नाही. फोन झाला की काय ठरलं ते दोन ओळींत मेलवर टाका. फोनवर शेठ बोलतो, काम मुनीमजी करतात. त्यांच्या हातात काहीतरी लिहिलेलं हवं.

७. तिकीट बंद करताना

ग्राहक 'झालं' म्हणेपर्यंत बंद करू नका. त्यानंतर तिकिटात 'अडचण सोडवली' असं लिहून मोकळे होऊ नका; दिसलं काय, कारण काय, केलं काय, हे लिहा. पुढच्या हंगामात रावेर, दोंडाईचा, नंदुरबार कुठूनही हाच मेल येईल, आणि तेव्हा खुर्चीत दुसरा कोणीतरी असेल.

एकच अडचण परत परत येत असेल तर ती प्रोग्रॅमरकडे पाठवा, आणि पाठवताना तुमचा सारांश नको, ग्राहकाचं वाक्य जसंच्या तसं पाठवा. 'आम्ही एकच बिल केलं तर डुप्लिकेट कसं' हे वाक्य मी तसंच पुढे ढकललं होतं. नंतरच्या अपडेटमध्ये तो इंग्रजी संदेश गेला आणि त्या जागी आलं: 'हे बिल पोर्टलवर आधीच नोंदलेलं आहे. तपशील आणायचा का?' खाली हो आणि नाही अशी दोन बटणं. डुप्लिकेटचे मेल अजून येतात, पण ते जुन्या आवृत्तीवाल्यांचे. त्यांना आधी अपडेट करायला सांगतो.