चित्रांच्या पुस्तकांतून बॅलेची ओळख

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पुस्तक निवडताना गोष्टीआधी चित्रांतले पाय बघा. नाचणाऱ्याचं अख्खं शरीर, टाचा-बोटांसकट, दिसायला हवं. नागपुरात बर्डीच्या बाजारात पुस्तकं चाळताना नुसत्या चकचकीत फ्रॉकला भुलू नका. मुलगेही नाचताना दिसले तर ते पुस्तक आधी उचला.

उन्हाळ्याच्या दुपारी कूलरसमोर दहा मिनिटं पुरतात. पहिल्यांदा गोष्ट सलग वाचा, दुसऱ्यांदा एकाच चित्रावर थांबून तसं उभं राहून बघा. सुरुवात प्लिएने करा: टाचा जुळलेल्या, चवडे थोडे बाहेर, पाठ ताठ, गुडघे सावकाश वाकवायचे, टाचा जमिनीवरच. चूक हमखास इथेच होते. चित्रात दोन्ही पावलं एका सरळ रेषेत असतात आणि मूल तसंच करायला जातं. पाय खुब्यातून बाहेर वळायला हवा. नुसती पावलं फिरवली की गुडघ्याला पीळ बसतो, पाऊल आत कलतं. गुडघा बोटांच्याच दिशेने वाकेल इतकाच कोन ठेवा. गुळगुळीत फरशीवर मोजे घसरतात, म्हणून अनवाणीच.

अंगठ्यांच्या टोकांवर उभं राहायची नक्कल मात्र लगेच थांबवा. त्यासाठीच्या खास बुटांचं टोक कडक असतं आणि काही वर्षांच्या शिक्षणानंतर, साधारण अकरा-बाराव्या वर्षापुढे, शिक्षक ठरवतील तेव्हाच ते घालतात.

पुस्तक 'नटक्रॅकर' या बॅलेचं (1892) असेल तर साखरपरीच्या पानाशी तिच्या नाचाची, संगीतकार चायकोव्हस्कीची धून लावा. त्यातला घंटीसारखा आवाज सेलेस्टा या वाद्याचा आहे. तो आला की हात वर न्यायला सांगा.