पहिल्या सफरीआधी: धोक्याच्या पट्ट्यात काय कळवायचं, कुणाला आणि कसं

नेरूळ-बेलापूरच्या संस्थांतून एसटीएसडीएसडीचं (बोटीवर सुरक्षेची जबाबदारी असलेल्या खलाशांच्या प्रशिक्षणाचं) सर्टिफिकेट घेऊन बोट जॉइन करणाऱ्या डेक कॅडेटला (शिकाऊ अधिकाऱ्याला) कोर्सची उत्तरं पाठ असतात. तरीही चाच्यांचा धोका असलेल्या अदनच्या आखातात पहिल्यांदा वॉचवर (पहाऱ्यावर) उभं राहिल्यावर नेमकं काय टिपायचं आणि कुणाला सांगायचं, हे सुचत नाही. न्हावा-शेव्याहून सुएझकडे निघालेल्या बोटीची राखण कुठलंही एक आरमार एकटं करत नाही. ब्रिटिशांचं यूकेएमटीओ (व्यापारी बोटींचे रिपोर्ट घेणारं केंद्र), युरोपीय संघाचं ‘अटलांटा’ हे चाचेविरोधी नौदल पथक, गुरुग्रामला डिसेंबर २०१८ पासून चालणारं आपल्या नौदलाचं आयएफसी-आयओआर (हिंदी महासागरासाठीचं माहिती केंद्र), सिंगापूरचं रिकॅप केंद्र (आशियाई देशांचं चाचेगिरीविरोधी माहिती केंद्र) हे सगळे बोटींवरून आलेल्या माहितीवर काम करतात. ब्रिजवरून (बोट चालवण्याच्या कक्षातून) चुकीचं कळवलं, तर त्यांच्या हातात काहीच उरत नाही.

यूकेएमटीओच्या ऐच्छिक रिपोर्टिंग क्षेत्रात शिरताना पहिला रिपोर्ट जातो, मग रोज पोझिशन आणि बाहेर पडताना शेवटचा. क्षेत्राची हद्द क्यू ६०९९ या चार्टवर आहे. सेकंड मेट (मार्ग आखणारा अधिकारी) पॅसेज प्लॅन करत असेल तेव्हा शेजारी बसून ती बघून घ्या. रिपोर्टमध्ये नावासोबत आयएमओ नंबर (बोटीचा कायमचा ओळख क्रमांक) हवाच, कारण एकाच नावाच्या अनेक बोटी असतात. वेळ यूटीसीतच (जागतिक प्रमाणवेळेतच) लिहा. तिथे बोटीचं घड्याळ बहुधा ३ तास पुढे असतं. ती वेळ चुकून यूटीसी म्हणून गेली, तर १५ नॉटने (ताशी १५ सागरी मैल) चाललेल्या बोटीचा ठिकाणा ४५ सागरी मैलांनी चुकतो. मदतीला निघालेलं हेलिकॉप्टर मग रिकाम्या पाण्यावर शोधत राहतं.

अदनच्या आखातातल्या आयआरटीसी मार्गिकेत (बोटींनी वापरावा अशी शिफारस असलेल्या मार्गात) प्रत्येक लेन ५ मैल रुंद, मधे २ मैलांची मोकळी पट्टी. होर्मुझ आणि लाल समुद्रात जीपीएस जाम होण्याचे प्रकार होतात, म्हणून रडारचं अंतर आणि बेअरिंग घेऊन पोझिशन ताडून बघायची सवय पहिल्या आठवड्यातच लावा.

सिटाडेलबद्दल (चाचे चढले तर क्रूनं आत कोंडून घ्यायच्या मजबूत खोलीबद्दल) मात्र नीट वाचा, कारण इथली चूक जिवावर बेतते. सगळे आत गेले तरच सिटाडेलचा उपयोग. एक जण जरी बाहेर राहिला तरी कमांडो बोटीवर चढायला धजत नाहीत, कारण गोळीबारात तोच ओलीस ठरतो. म्हणून ड्रिलमध्ये शिरगणती दाराशी उभं राहून नावानं करा. आत स्वतंत्र बॅटरीवर चालणारा सॅटेलाइट फोन हवा, नुसत्या व्हीएचएफवर (जवळच्या पल्ल्याच्या रेडिओवर) भागत नाही. फोन आत ठेवलेला असतो, पण अँटेनाची केबल बाहेरच्या डेकवर उघडी असते आणि चाचे ती कापतात. ती कुठून जाते हे बोसनला (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला) विचारून डोळ्यांनी बघा. एसएसएएसचं (गुप्त धोक्याच्या इशाऱ्याच्या यंत्रणेचं) बटण दाबल्यावर बोटीवर भोंगा वाजत नाही, संदेश गुपचूप कंपनीकडे आणि ध्वजराष्ट्राकडे (बोट जिथे नोंदलेली आहे त्या देशाकडे) जातो. त्यावर थांबू नका, यूकेएमटीओला फोन वेगळा करायचाच.

जानेवारी २०२४ मध्ये सोमालियाजवळ ‘लीला नॉरफोक’वर शस्त्रधारी चढले, तेव्हा हे सगळं जुळून आलं. बोटीनं यूकेएमटीओला कळवलं, क्रू सिटाडेलमध्ये गेला. खबर आपल्या नौदलापर्यंत पोचली, ‘आयएनएस चेन्नई’ धावली आणि मार्कोसनी (नौदलाच्या कमांडोंनी) बोट तपासली. २१ जण सुखरूप निघाले, त्यात १५ भारतीय.

मलाक्का-सिंगापूर पट्ट्यात प्रकार वेगळा. तिथे बहुतेक रात्रीच्या अंधारातली चोरी, मुख्यतः इंजिन रूममधले सुटे भाग. चोर कमी उंचीच्या, संथ बोटींवर मागून चढतात आणि कुणी पाहिलं की सहसा पळतात. म्हणून पूप डेकवर (बोटीच्या मागच्या डेकवर) उजेड, दारं आतून बंद आणि संशय आला की लगेच अलार्म. खबर किनारी देशाच्या यंत्रणेला द्या. रिकॅपसाठी आपल्याकडची जबाबदारी तटरक्षक दलाची आहे.

आणि मासेमारांना ओळखायला शिका. १५ फेब्रुवारी २०१२ ला केरळच्या किनाऱ्यापुढे ‘एन्रिका लेक्सी’वरच्या इटालियन सैनिकांनी चाचे समजून आपले दोन मच्छीमार मारले. ही चूक पुन्हा व्हायला नको. जाळी वाचवायला मच्छीमार मुद्दाम मोठ्या बोटीच्या आडवे येतात, हात हलवतात, झेंडा दाखवतात. बोट जॉइन करण्याआधी एक सकाळ दिवाळ्याच्या किंवा करंजाच्या जेटीवर घालवा. जाळ्याचे ढीग, बोये, बर्फाच्या पेट्या बोटीत कशा रचतात ते बघा. त्या वस्तू नसतील, उलट हुक लावलेली शिडी आणि जादा इंधनाचे ड्रम दिसले, बोट २० नॉटच्या वर धावत असली, तर मास्टरला (कप्तानाला) तत्काळ बोलवा. दुर्बिणीतून आधी शिडी शोधा, मग माणसं मोजा.