क्रूझ कंट्रोल लागत नाही? आधी पेडलखाली वाका

गॅरेजला नवीन असाल तर क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारी सोय, लागत नाही ही तक्रार लवकरच तुमच्या वाट्याला येईल. आमच्याकडची शिकाऊ मुलं ती ऐकली की थेट स्टिअरिंगची बटणं उघडायला जातात. कुणी ब्रेक स्विचचं, म्हणजे पेडल दाबलं की मागचे दिवे लावणाऱ्या स्विचचं, नाव काढलं तर ठरलेलं उत्तर येतं, 'मागचे दिवे लागतायत ना, मग स्विच चांगलाच आहे.'

इथेच खरी मेख आहे. बऱ्याच गाड्यांत या एका स्विचमध्ये दोन सर्किटं असतात. पेडल सोडलेलं असताना एक तुटलेलं आणि दुसरं जोडलेलं असतं, दाबलं की उलट. ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, दोन्ही सिग्नल ताडून बघतो. ते जुळले नाहीत की त्याच्या लेखी ब्रेक भरवशाचा राहत नाही, आणि मग तो क्रूझ लागू देत नाही. दिवे लागतात, म्हणजे फक्त अर्धा स्विच पास झाला.

मध्यंतरी आलेल्या एका गाडीचं क्रूझ खडबडीत रस्त्यावर आपोआप सुटायचं. ईसीयूने नोंदवलेला बिघाडाचा कोड होता पी०५०४, म्हणजे दोन सिग्नलचा मेळ नाही. हा कोड दिसला की लोक डोळे झाकून स्विच बदलतात, मला ते पटत नाही. मेळ का नाही, हे कोड सांगत नाही. स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे सिग्नल त्या क्षणी काय दाखवतायत ते, लावला, दोन्ही सिग्नल शेजारी घेतले आणि हाताने पेडल अगदी सावकाश दाबलं. बदल वेळेवर होत होते. मग पेडल सोडून नुसतं बाजूला हलवलं, तर एक सिग्नल फडफडला.

टॉर्च घेऊन खाली वाकलो. मॅटवर पिवळट प्लास्टिकचा चुरा पडला होता. स्विचची दांडी पेडलच्या पट्टीवरच्या ज्या छोट्या स्टॉपरवर टेकते, तो अर्धा तुटला होता आणि दांडी कशीबशी त्याच्या कडेवर उभी होती. पूर्ण तुटला असता तर दांडी स्टॉपरच्या भोकातून आरपार जाऊन मागचे दिवे कायमचे पेटले असते, बॅटरीही उतरली असती. स्टॉपर बदलला, काम झालं. स्विच धडधाकट होता.

स्टॉपर शाबूत असेल तर कनेक्टर हलवत डेटा बघा, नंतर मल्टिमीटर. व्होल्टेज मोजाल ते दिवे पेटलेले असताना मोजा. लोड नसेल तर गंजलेली वायरसुद्धा पूर्ण बारा व्होल्ट दाखवते. काही जुन्या गाड्यांत मागे एलईडी बल्ब टाकले तरी क्रूझ बंद पडतं. गिअरवाल्या गाडीत क्लच स्विच, म्हणजे क्लच दाबला की क्रूझ सोडवणारा स्विच, विसरू नका. एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा पेटलेला असेल तर आधी चाकांचे सेन्सर बघा.

स्विच काढलाच तर बसवायची पद्धत त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वाचा. काहींची दांडी बसवताना एकदाच सेट होते, ओढाताण केली की नवा स्विचही वाया. आणि वायर जोडून स्विच बायपास करून 'तपासायचं' तर मुळीच नाही.

शेवटी कोड पुसा, मोकळ्या रस्त्यावर क्रूझ लावा आणि ब्रेकला पाय नुसता टेकवा. तेवढ्यावर क्रूझ सुटलं तरच गाडीची चावी परत द्या.